जागच्या जागी सायकल : श्रम मोजण्याचा इतिहास आणि आपली निवड

अमरावती, अकोला आणि आसपासच्या तालुक्यांच्या गावी अनेक घरांत आता एक वस्तू दिसते. ती सायकल आहे, पण तिला रस्ता लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळा बंद झाल्या तेव्हा या व्यायाम-सायकलींची मागणी वाढली आणि त्यानंतर त्या मध्यमवर्गीय घरांत रुळल्या. मध्यम किमतीचे यंत्र साधारण दहा ते पंचवीस हजार रुपयांत येते. शिक्षकाच्या घरात ही रक्कम लहान नव्हे. आणि दुःखाची गोष्ट अशी की, वर्षभरात यांपैकी कित्येक सायकलींचा उपयोग टॉवेल वाळत घालण्यासाठी होऊ लागतो.

दुकानदार तीन गोष्टी सांगतो : प्रतिरोधाचे स्तर आठ, चाकाचे वजन सहा किलो आणि पडद्यावर कॅलरी दिसतात. या तिन्ही आकड्यांचा अर्थ काय? यांतला कोणता खरा आणि कोणता शोभेचा? याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. ते या यंत्राच्या इतिहासात सापडते. व्यायाम-सायकल ही मुळात व्यायामासाठी घडलेली वस्तू नाही. माणसाचे श्रम मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी जे उपकरण बनवले, त्याचे ते घरगुती रूप आहे. म्हणून ती विकत घेताना आपण एक मोजमापाचे साधन घेत आहोत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आखाड्याचे मोजमाप

व्यायाम मोजण्याची पद्धत आपल्याकडेही होती. वऱ्हाडातील तालमींत दंड, बैठका आणि जोर यांची गणती चाले. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर ओळखला जाऊ लागला. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना दाखवली. १९४९ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या लिंगियाड या जागतिक व्यायाम-मेळाव्यातही मंडळाचे पथक गेले होते. स्वीडनमधील व्यायामशिक्षणाचे जनक पेर हेन्रिक लिंग यांच्या नावाने तो मेळावा भरत असे. स्टॉकहोमचे नाव आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

आखाड्याची गणती साधी आणि उपयोगी असते. काल पन्नास बैठका झाल्या, आज पंचावन्न, प्रगती कळते. पण या मापाला एक मर्यादा आहे. चाळीस किलोच्या मुलाची बैठक आणि ऐंशी किलोच्या पहिलवानाची बैठक गणतीत सारखीच धरली जाते. एक पुरा बसतो, दुसरा अर्धाच. एकाला मिनिट लागते, दुसऱ्याला तीन. शिवाय बैठकीची तुलना पळण्याशी किंवा विहिरीचे पाणी ओढण्याशी कशी करायची? त्यासाठी सर्व श्रमांना लागू पडणारे एकच माप हवे. हे माप भौतिकशास्त्राने दिले. बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य, आणि एका सेकंदात झालेले कार्य म्हणजे शक्ती. शक्तीचे एकक वॅट.

दवाखान्यातले यंत्र, तुरुंगातले चाक

एका जागी बसून हातपाय फिरवण्याचे यंत्र सायकलीपेक्षा जुने आहे. लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स यांनी १७९६ साली ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. संधिवाताने किंवा पक्षाघाताने आखडलेल्या रोग्यांच्या सांध्यांना त्यातून हालचाल मिळावी असा हेतू होता. त्यात हातांसाठी आणि पायांसाठी फिरणारे भाग होते, पण किती श्रम झाले हे त्यावरून कळत नसे.

यानंतरचा टप्पा मात्र कडू आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या अभियंत्याने इंग्लंडमधील तुरुंगांसाठी पायऱ्यांचे मोठे चाक सुचवले. कैद्यांनी त्यावर तासन्‌तास चढत राहायचे. चाक खाली फिरत राहणार आणि कैदी तेथेच. बऱ्याच ठिकाणी या श्रमातून पीठसुद्धा दळले जात नसे, चाक फक्त हवा घुसळी. १८५० च्या दशकात एडवर्ड स्मिथ या डॉक्टरांनी लंडनच्या एका तुरुंगातील अशाच चाकावर श्वासाची मापे घेतली. चढताना शरीरातून किती जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे मोजून त्यांनी ते श्रम किती जबर आहेत ते आकड्यांनी दाखवले. श्रम मोजण्याचे शास्त्र पुढे खेळाडूंच्या आणि रोग्यांच्या उपयोगी पडले, पण त्याचा एक पाय तुरुंगात रोवलेला आहे हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

सायकलच का?

१८८५ नंतर दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल युरोपात पसरली. शरीरशास्त्रज्ञांना तीत आयते उपकरण दिसले. फ्रान्समध्ये एलिझे बूनी यांनी १८९६ च्या सुमारास सायकलीवर होणारे कार्य मोजण्याची रचना केली. १९१२ साली अमेरिकेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी आणि १९१३ साली डेन्मार्कमध्ये ऑगस्ट क्रो यांनी विद्युत्‌चुंबकाने रोध निर्माण करणारी सायकल तयार केली. हेच क्रो पुढे १९२० च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. अशा यंत्राला ‘एर्गोमीटर’ म्हणजे कार्यमापक हे नाव मिळाले. त्याच १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेतही जागच्या जागी चालवण्याच्या सायकली होत्या. म्हणजे एकाच काळात हे यंत्र प्रयोगशाळेत आणि श्रीमंतांच्या करमणुकीत, दोन्हीकडे होते.

प्रयोगशाळेने सायकल निवडली याला तीन चांगली कारणे होती. पहिले, शरीराचा भार बैठक उचलते, त्यामुळे माणूस जाडा असो की बारीक, पायडलवर होणारे कार्य थेट मोजता येते. दुसरे, डोके आणि छाती बरीचशी स्थिर राहतात, त्यामुळे तोंडाला नळी लावून श्वास गोळा करता येतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. सराव असलेला आणि नसलेला माणूस यांची सायकल चालवण्यातील कार्यक्षमता जवळपास सारखी, म्हणजे वीस ते पंचवीस टक्के असते. पोहण्यात तसे नाही. शिकाऊ माणूस नुसताच पाणी बडवतो. सायकलीवर वॅट कळले की शरीराने किती ऑक्सिजन वापरला असेल याचा बराच खरा अंदाज करता येतो.

स्टॉकहोमचा पट्टा

क्रो यांचे यंत्र अचूक होते, पण महाग आणि नाजूक. ते शाळेत किंवा दवाखान्यात नेण्यासारखे नव्हते. ही अडचण स्टॉकहोममध्ये सुटली. लिंग यांनी १८१३ साली तेथे स्थापन केलेल्या व्यायामशिक्षण संस्थेत विल्हेल्म फॉन डोबेल्न यांनी १९५४ साली एक अतिशय साधी सायकल मांडली. अमरावतीचे पथक त्या शहरात जाऊन आल्याला तेव्हा पाचच वर्षे झाली होती.

रचना अशी : पुढे एक जड चाक, त्याच्या कडेवरून गेलेला एक पट्टा आणि पट्ट्याची टोके एका लंबकाच्या तराजूला जोडलेली. पट्टा आवळला की घर्षण वाढते, लंबक झुकतो आणि काटा घर्षणाचे बल सरळ दाखवतो. वीज नको, बॅटरी नको. दातेरी चक्रे अशी निवडली की पायडलच्या एका फेरीत चाकाची कड ६ मीटर सरकावी. आता हिशेब तोंडी होतो. पट्ट्यावरचे बल १ किलोग्रॅम वजनाइतके आणि मिनिटाला ५० फेऱ्या असतील, तर मिनिटाला १ × ६ × ५० = ३०० किलोग्रॅम-मीटर कार्य होते. यालाच ९.८ ने गुणून ६० ने भागले की ४९ वॅट येतात. म्हणजे जवळजवळ ५०.

त्याच वर्षी त्याच संस्थेतील पेर-ओलोफ ऑस्ट्रांड आणि इर्मा रिमिंग यांनी एक आलेख प्रसिद्ध केला. ठराविक वॅटवर सुमारे सहा मिनिटे सायकल चालवायची, नाडी मोजायची आणि आलेखावरून शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता अंदाजायची. एरवी त्यासाठी माणसाला दमछाक होईपर्यंत पळवावे लागे. जगभरच्या दवाखान्यांत आणि क्रीडासंस्थांत ही सायकल पोचली ती यामुळे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कीन डिमिक या रसायनशास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची व्यायाम-सायकल बनवली आणि मग यंत्र प्रयोगशाळेतून व्यायामशाळेत व घरात शिरले. या प्रवासात पडदा मोठा होत गेला, आणि स्वस्त यंत्रांतून खरे मापन मात्र गळून पडले.

बैठकांचे वॅट

आता आखाड्याकडे परत येऊ. साठ किलोचा तरुण पुरी बैठक मारतो तेव्हा त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे ४० सेंटिमीटर वर येतो असे धरू. एका बैठकीचे कार्य ६० × ९.८ × ०.४ म्हणजे सुमारे २३५ ज्यूल. मिनिटाला वीस बैठका मारल्या तर ४७०० ज्यूल, म्हणजे ७८ वॅट. सामान्य प्रकृतीचा माणूस सायकलीवर अर्धा तास आरामात टिकवतो ती शक्तीही साधारण याच घरातली. मात्र बैठक मारणारा खाली बसतानाही स्नायू ताणून धरतो. तो खर्च या हिशेबात येत नाही, म्हणून बैठकांनी लवकर दमायला होते. म्हणजे आखाडा जुना आणि सायकल शास्त्रीय, असा भेद खरा नाही. दोन्हींत कार्य तेच होते. गुडघे दुखणाऱ्या, वजन जास्त असलेल्या किंवा वयस्क माणसाला मात्र सायकलीचा फायदा आहे, कारण भार बैठक घेते आणि श्रम थोडेथोडे वाढवता येतात.

कॅलरींचाही हिशेब पाहू. ७५ वॅटने अर्धा तास म्हणजे ७५ × १८०० = १,३५,००० ज्यूल, अर्थात १३५ किलोज्यूल कार्य. कार्यक्षमता २४ टक्के धरली तर शरीराचा खर्च सुमारे ५६० किलोज्यूल, म्हणजे १३५ किलोकॅलरीच्या आसपास. कार्याचे किलोज्यूल आणि खर्चाच्या किलोकॅलरी यांचे आकडे जवळजवळ सारखे येतात, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. आणि १३५ किलोकॅलरी म्हणजे किती? सुमारे ४० ग्रॅम ज्वारीचे पीठ. वऱ्हाडी हाताची एक भरदार भाकरीसुद्धा नव्हे! पडद्यावर अर्ध्या तासात चारशे-पाचशे कॅलरी दिसल्या तर आपण शंका घेतलीच पाहिजे.

दुकानात काय पाहावे

*रोध कशाने होतो?* स्वस्त यंत्रात लोकर किंवा चामड्याची गादी चाकावर दाबली जाते. मध्यम किमतीत चुंबक असतात. फिरत्या धातूच्या चाकाजवळ चुंबक आणला की चाकात भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि लेंझच्या नियमानुसार ते गतीला विरोध करतात. बेनेडिक्ट आणि क्रो यांच्या यंत्रांमागचे तत्त्व हेच. घरगुती यंत्रात गुंडी फिरवली की कायम चुंबक चाकाच्या जवळ येतात, इतकेच. यात काही झिजत नाही, आवाज कमी होतो आणि रोधासाठी वीज लागत नाही. भारनियमनाची आठवण असलेल्या आपल्या भागात हा गुण मोठा आहे. घरासाठी चुंबकी रोध घ्यावा असे आम्ही सुचवू.

पण एक फरक ध्यानात घ्यावा. गादीचे घर्षण वेगाबरोबर फारसे बदलत नाही, त्यामुळे शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते. चुंबकी रोध मात्र नेहमीच्या वेगांत स्वतःच वेगाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शक्ती साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ‘स्तर ४’ वर मिनिटाला ५० फेऱ्यांऐवजी ७० मारल्या तर श्रम दीडपट नव्हे, जवळपास दुप्पट होतात. तेव्हा ‘स्तर’ हे माप नाही. वहीत नोंद करायची तर स्तर आणि फेऱ्या दोन्ही लिहाव्यात.

*पडदा खरे सांगतो का?* बऱ्याच यंत्रांत फक्त फेऱ्या मोजणारा संवेदक असतो. गुंडी कोठे आहे हे पडद्याला कळतच नाही. याची परीक्षा दुकानातच करता येते. सर्वांत हलक्या स्तरावर दोन मिनिटे एका ठराविक वेगाने चालवावे, कॅलरी पाहाव्यात. मग सर्वांत जड स्तरावर तोच वेग ठेवून दोन मिनिटे चालवावे. घाम दुप्पट आणि आकडा तोच, असे झाले तर त्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. फेऱ्या, वेळ आणि नाडी एवढे दाखवणारा लहान पडदा पुरेसा आहे.

*चाकाचे वजन.* रस्त्यावर सायकल आणि स्वार मिळून ७५ किलो वस्तुमान ताशी १५ किलोमीटरने जाते तेव्हा सुमारे ६५० ज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. पायडल वर-खाली होताना बल कमीजास्त झाले तरी ती ऊर्जा गती टिकवते. घरातल्या सायकलीत हे काम जड चाक करते. ते हलके असेल तर पायाला झटके बसतात. परंतु नुसत्या किलोंवर जाऊ नये. साठणारी ऊर्जा चाकाच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. दोन चाके सारख्याच आकाराची आहेत असे समजा. १८ किलोचे चाक पायडलच्या एका फेरीत ४ वेळा फिरते; १८ × १६ = २८८. सहा किलोचे चाक ८ वेळा फिरते; ६ × ६४ = ३८४. हलके चाकच येथे जास्त सलग गती देते! म्हणून वजन ऐकून नव्हे, तर पाच मिनिटे चालवून ठरवावे.

*बैठक आणि बांधणी.* बैठकीवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. घरातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या माणसाला हे जमते का ते पाहावे. बैठक पुढे-मागे सरकत असेल तर उत्तम. यंत्र किती वजन पेलते हा आकडा विचारावा आणि तो घरातील जड माणसापेक्षा बराच जास्त असावा. सुटे भाग व दुरुस्ती अकोला-अमरावतीत मिळते की यंत्र नागपूर-पुण्याला पाठवावे लागते, हेही आधी विचारावे.

*मुले.* काही यंत्रांत चाक आणि पायडल कायम जोडलेले असतात. पाय थांबवला तरी पायडल फिरतच राहतात. घरात लहान मूल असेल तर चाक आणि साखळी पूर्ण झाकलेलीच हवी आणि चाक ताबडतोब थांबवण्याची सोय हवी. बोट चाकात जायला एक क्षण पुरतो.

वऱ्हाडचा उन्हाळा

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. रस्त्यावर सायकल चालवणे तेव्हा धोक्याचे, म्हणूनच घरातली सायकल सोयीची वाटते. पण १०० वॅट कार्य करणारे शरीर सुमारे ३०० वॅट उष्णताही निर्माण करते. रस्त्यावर वारा ती नेतो. खोलीत वारा नसतो. शिवाय खोलीचे तापमान त्वचेच्या, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या, वर गेले की हवा शरीराला थंड करण्याऐवजी तापवू लागते. मग घामाच्या बाष्पीभवनाचा एकच मार्ग उरतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता नेतो. अर्ध्या तासाची ५४० किलोज्यूल उष्णता घालवायला निदान सव्वादोनशे ग्रॅम घाम वाळावा लागतो. अंगावरून गळून पडणारा घाम या कामी येत नाही. म्हणून सायकलीसमोर पंखा हा चैनीचा भाग नाही. उन्हाळ्यात पहाटे, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळ पाणी ठेवून व्यायाम करावा. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. बाकीच्यांसाठी सोपी कसोटी अशी : चालवताना बोलता आले पाहिजे, वाक्य पुरे करता येत नसेल तर स्तर कमी करावा.

शाळेत करण्याजोगे

फॉन डोबेल्न यांचे यंत्र शाळेतल्या जुन्या सायकलीतून उभे करता येते. स्टँडवरच्या सायकलीच्या मागच्या चाकाचे टायर काढा. २८ इंची सायकलीच्या उघड्या रिमचा परीघ सुमारे २ मीटर भरतो. रिमवरून सुती दोरी घालून तिची दोन्ही टोके दोन ताणकाट्यांना लावा. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेरीत रिम सुमारे ४.९ मीटर सरकते. दोन ताणकाट्यांतील फरक २ किलोग्रॅम आणि मिनिटाला ५० फेऱ्या असतील तर शक्ती ८० वॅट येते. स्टँड घट्ट धरावा, ओढणी आणि सैल कपडे दूर ठेवावेत, चाक फिरत असताना दोरीला हात लावू नये. थांबल्यावर रिम कोमट लागते, आणि ‘कार्य गेले कोठे’ या प्रश्नाचे उत्तर बोटांना मिळते. हीच मुले मग मिनिटाला वीस बैठका मारून आपापले वॅट काढू शकतील.

हे एकदा केलेल्या विद्यार्थ्याच्या घरी उद्या व्यायाम-सायकल घ्यायची ठरली, तर तो पडद्याच्या रंगांना भुलणार नाही. तो रोध कशाचा आहे ते विचारील, बैठकीची उंची पाहील, जड आणि हलका स्तर चालवून आकडे ताडून बघील. आणि यंत्र घरी आल्यावर रोजची वेळ, स्तर आणि फेऱ्या एका वहीत लिहील. आखाड्यात गणती असे ती याचसाठी. कालच्यापेक्षा आज किती, हे ज्याला कळते त्याचा व्यायाम टिकण्याची आशा जास्त. ज्याच्याकडे ती वही नाही, त्याची सायकल कितीही महाग असो, तिच्यावर टॉवेल वाळत पडण्याचा संभव मोठा.